पाच सप्टेंबरचं पाणी

"हे एक पान फाडून टाका," वामनराव म्हणाले, तशी कडूबाने वही छातीशी धरली.

वामनराव मुंबईहून आलेले इंजिनिअर. कडूबा जळगाव जामोदच्या नगरपालिकेतला गटारांचा मुकादम. पाऊस लागला की नाल्यावर जायचं, पुलाच्या खांबावर रंगवलेल्या पट्टीवर पाणी किती चढलं ते वाचायचं आणि वहीत उतरवायचं, हे काम तो अकरा वर्षं करत होता. या वहीवरूनच नवा पूल किती रुंद बांधायचा ते ठरणार होतं.

वामनराव फुलून आले होते. कॉम्प्युटरमध्ये आकड्यांनी मांडलेला नाला खऱ्या नाल्याशी जुळवायला पूर्वी माणूस महिनाभर आकडे बदलत बसे : माती किती पाणी पिते, गटार किती खडबडीत आहे. आता हे आकडे यंत्र स्वतःच फिरवून बघत होतं, शेकडो वेळा, आणि मध्ये चहा मागत नव्हतं.

"सगळे पाऊस जुळले हो. फक्त पंच्याहत्तरचा पाच सप्टेंबर अडलाय. पाऊस एवढासा, आणि तुम्ही पाणी लिहिलंय चार फूट. ते खरं करायला यंत्राने काय केलं, माहितीये? माती पाणी पीतच नाही असं धरून अख्ख्या गावाला फरशी बसवली. शेतांनासुद्धा."

"बसवू द्या ना. आमच्या गल्लीपासून सुरू करा म्हना."

"थट्टा नको. एक नोंद खोटी निघाली, तर वरचे साहेब वहीच रद्द करतील. अकराच्या अकरा वर्षं."

कडूबाचा चेहरा पडला. "खोटी काऊन निघन, सायेब? माह्या छातीले पाणी लागत होतं. पोळा होता ना त्या दिशी."

"पोळ्याचा काय संबंध?"

"बैल धुवाले पुलाखाली बांध घालतो आम्ही. दगडं, मातीचे पोते. सारं गाव घालते. वरून पाऊस आला."

"मग हे वहीत का नाही?"

"रकाना नोयता."

वामनराव खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. यंत्राला बांध सांगितला की गावाची फरशी निघणार होती, चार फूट खरे ठरणार होते, वही वाचणार होती. त्यांनी घाईने कोरा कागद ओढला. "बांध किती उंच होता? आणि पाण्यात बैल किती होते? तेही जागा अडवतात. धरायलाच हवेत."

कडूबा जरासुद्धा अडखळला नाही. इंद्रभानचे चार. भगवंतरावांचे सहा, त्यातला एक मारका. मेहबूबभाईचे दोन, आले मागून अन् घुसले मधात. एकेका घराचे बैल तो सांगत गेला, वामनराव मांडत गेले.

"झाले छत्तीस," कडूबा म्हणाला.

"माझ्याकडे चौतीस."

"दोन नगरपालिकेचे. कचऱ्याच्या गाडीचे. यंदा ट्रॅक्टर आला, तं लिलावात गेले. त्यायले धुता धुताच म्या पट्टी वाचली होती."

वामनरावांनी चौतीस खोडून छत्तीस केले.

"त्यायची नावं टाकता येतीन का, सायेब?"

"यंत्राला भोकं पाडलेलं कार्ड द्यायचं असतं, त्यावर नाव बसत नाही हो. फक्त आकडा."

"बरं," कडूबा म्हणाला आणि वही त्यांच्यापुढे ठेवली. "मंग आकडा जरा ठळक काढा."