रोशनीला कुणी काही विचारू नका

आमच्या पनवेलच्या कॉलेजात ‘आपली पदवी आपणच आखा’ हा अभ्यासक्रम आला तेव्हा माझ्या निवृत्तीला चारच वर्षं उरली होती. म्हणूनच तो माझ्या गळ्यात पडला असावा. मुलांनी हवे ते विषय एकत्र करायचे, त्यांना नाव द्यायचं आणि तीन वर्षं सेमिनार करायचे. बाईंनी शिकवायचं नाही. एकानं मांडायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. एकही प्रश्न आला नाही, तर चर्चेत शून्य आणि मांडणारा नापास.

हा नियम करणाऱ्यानं आमची मुलं पाहिली नव्हती. दोस्ताला चारचौघांत अडचणीत आणणं त्यांच्यात बसतच नाही. त्यामुळे आदल्या दिवशी कँटीनमध्ये वडापाव खाताना प्रश्न वाटले जात. ‘तू मला हे विचार, मी तुला ते विचारतो.’ सुरुवातीला मी ओरडले. मग घसा दुखायला लागला आणि सोडून दिलं.

रोशनी मात्र मनापासून अभ्यास करायची. उरणकडच्या कोळीवाड्यातली पोर. जीवशास्त्र, इतिहास आणि कायदा एकत्र करून तिनं आपल्या पदवीला नाव दिलं होतं, ‘आमची खाडी’. खाडी गाळानं बुजत चालली होती, मासळी आटली होती, आणि तिचे वडील कमळाकर तरी रोज होडी काढत होते. द्रोणागिरीला गोदामावर राखणदाराची नोकरी चालून आली, ती त्यांनी नाकारली. “माजी पोर खाडीचंच शिकते. तिचं होऊ दे, मंग बगू,” असं ते गावभर सांगायचे. पहिले काही महिने रोशनी हे मला हसत सांगायची. पुढे सांगेनाशी झाली. तिला उत्तर सापडलं होतं आणि ते घरी नेण्यासारखं नव्हतं.

शेवटच्या सेमिनारला पालकांना बोलवायची पद्धत होती. कमळाकर इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि पहिल्या बाकावर बसले. माझ्यासाठी त्यांनी पिशवीभर सुका जवळा आणला होता. आम्ही बेने इस्राएल, इथले ज्यू; आमच्या धर्मात जवळा-कोळंबी चालत नाही. पण एवढ्या लांबून आणलेली पिशवी परत कशी करायची? “वा, छान,” म्हणून मी ती टेबलाखाली ठेवली.

रोशनी सुंदर बोलली. गाळ, भरतीचं पाणी, जुने हक्क, सगळं नीट उलगडलं. फक्त पुढे काय होणार, हे तिनं गाळलं. वर्गात ते माझ्याखेरीज कुणाच्या लक्षात आलं नसावं.

“प्रश्न?” बाहेरून आलेले परीक्षक उदयसिंह सर म्हणाले.

एकही हात वर आला नाही. मी मिथुनकडे डोळे वटारले. हा पोरगा एरवी प्रश्न वाटण्यात सगळ्यांच्या पुढे. तो माझ्याकडे वाकून कुजबुजला, “मॅडम, तिनंच सांगितलंय. बाबा येणारेत, मासळीचं कुणी काही विचारू नका म्हणून. तिचं सगळं मासळीचंच आहे. मग विचारणार काय?”

मला संताप आला आणि रडूही आलं. मार्गदर्शकानं, म्हणजे मी, प्रश्न विचारायचा नाही, परीक्षकानं फक्त ऐकायचं. वर्गातलं दुसरं कुणीही विचारू शकत होतं, आणि सगळी गाढवं मायेनं गप्प बसली होती. उदयसिंह सरांनी पेनाचं टोपण काढलं.

“मी इचारू का?” कमळाकर उभे राहिले.

रोशनीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. दुसरं काय करणार होते?

“विचारा ना,” सर म्हणाले.

“पोरी, तू येवढी शिकलीस. आता सांग. खाडीत मासली परत येल का नाय?”

रोशनीनं टेबलाची कड धरली. तिला ‘बघू’ म्हणता आलं असतं. तेवढ्यावरही ती पास झाली असती.

“नाय येणार, बाबा. आपल्या हयातीत नाय.”

कमळाकर हळूच म्हणाले, “तुला कवा कललं?”

“पहिल्या वर्षीच.”

“आनि मी आजून जाली शिवतंय,” ते म्हणाले आणि खाली बसले.

उदयसिंह सरांनी चर्चेचे गुण भरले. पैकीच्या पैकी. मुलांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, पण कमळाकरांकडे पाहून ती एकेक करून थांबली.

बाहेर जिन्यापाशी कमळाकरांनी मला गाठलं. “पास झाली ना बाय?”

“झाली. चर्चेत पैकीच्या पैकी.”

“बरं झालं.” त्यांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. “जवला परतून खा. जाल्यात गावला नाय, सगला बाजारातून इकत घेतलाय. पोरीला सांगू नका.”