येतंय हां!

पोट कमी करायचं म्हणून मी स्कूटर विकून गियरची सायकल घेतली, आणि तेव्हापासून सगळ्या आरोंदा गावाला फुकटची करमणूक झाली. "इनास, सायकल तुका व्हडता काय तू सायकलीक?" हे बाबलीचं रोजचं. तो चहाच्या टपरीवर बसलेला असतो, मी चढावर उतरून सायकल ढकलत असतो. उत्तर सुचतं, पण श्वास उरलेला नसतो. मडुरे स्टेशनला पोचेपर्यंत शर्ट अंगाला चिकटतो. तिथे सायकल लावायची, तोंड पुसायचं आणि मडगावची गाडी पकडून थिवीला टाइल्सच्या दुकानात कामाला जायचं, असा माझा नेम.

पोटाचं कारण लोकांना सांगायला. खरं कारण सावंतवाडीहून त्याच गाडीत बसून येतं. फ्लाव्हिया. मडगावला शाळेत शिकवते. एकदा ती म्हणाली, सायकल चालवणारे तिला आवडतात. दुसऱ्याच आठवड्यात माझी स्कूटर गेली. ती बहुधा शाळेतल्या पोरांबद्दल बोलत असावी, हे मला सायकल आणल्यावर सुचलं.

मडुऱ्यापासून थिवीपर्यंत मी तिला टाइल्सची इतकी माहिती दिली आहे, की ती उद्या स्वतःचं दुकान घालील. मनातलं मात्र एक अक्षर सांगितलं नाही. सदतीस वर्षांचा बाप्या मी, गिऱ्हाइकाला न्हाणीघराची फरशी देवघरात बसवायला लावीन; पण तिच्यासमोर दातखीळ बसते.

त्या शनिवारी ती म्हणाली, "उद्या चर्चातल्या मिसानंतर मडगावसून माका बघूक येतत."

मी पिशवीचे बंद सोडले आणि पुन्हा बांधले. "बरां आसा," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुका काय सांगूचा आसा?"

सांगायचं होतं. तेवढ्यात थिवी आली. मी पिशवी उचलली आणि सवयीनं म्हणालो, "बरां, येतंय हां." आमच्याकडे निघताना 'जातो' म्हणणं अभद्र, म्हणून निघणारा प्रत्येक जण 'येतंय' म्हणतो. उतरलो आणि दिवसभर गिऱ्हाइकांना भलत्याच टाइल्स दाखवल्या.

रविवारी मी चर्चला गेलो नाही. तोंडावर चादर ओढून पडलो होतो. फोन वाजला.

"खंय पावलंस रे?" फ्लाव्हिया.

"म्हणजे?"

"मडगाववाल्यांका मी येव नको म्हणान सांगलंय. तू येतंय म्हणालंस मां? पप्पा वाट बघतत."

मी ताडकन उठून बसलो. आनंद झाला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. तिनं आलेलं स्थळ परत पाठवलं होतं, तेही माझ्या भरवशावर. माझ्या! "येतंय," मी म्हणालो, आणि या खेपेला मी खरंच येणार होतो.

बाबलीच्या टपरीवरून गेलो तेव्हा त्याचा चहा हातातच राहिला. चढावर उतरलो नाही. चेन निसटली, ती हातानेच बसवली. मडुऱ्याला सावंतवाडीकडे जाणारी गाडी क्रॉसिंगसाठी खोळंबली होती. आमच्या एकेरी मार्गावरच्या क्रॉसिंगला मी आजवर फक्त शिव्या घातल्या होत्या. त्या दिवशी हात जोडले आणि डब्यात चढलो.

सावंतवाडीचं स्टेशन मळगावात, आणि तिचं घर स्टेशनजवळच. मी दारात उभा राहिलो तेव्हा पँटचा एक पाय मोज्यात खोचलेला होता आणि दोन्ही हात चेनच्या वंगणाने काळे.

"बसा," तिचे पप्पा म्हणाले. "बोला."

क्षणभर वाटलं, त्यांच्या फरशीबद्दलच बोलावं. फरशी चांगली होती. मग म्हणालो, "माका फ्लाव्हियावांगडा लगीन करूचा आसा."

पप्पा आत गेले, मम्मीला बोलवायला. आम्ही दोघंच उरलो. तिला फसवून सुरुवात करायची नव्हती.

"खरा सांगू?" मी म्हटलं. "काल माका निसतो निरोप घेवचो होतो."

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. "तू रोज तसाच म्हणतंस. एकदा खरा धरून बघलंय."

मग तिनं तेही सांगून टाकलं: मी आलो नसतो, तर सोमवारपासून ती दुसऱ्या डब्यात बसणार होती.