साहेब येणार म्हणून सारवलं

नाल्याकाठची वस्ती आणीबाणीतल्या एका सकाळी सपाट झाली, कारण मंत्र्यांची मोटार तिथून जाणार होती. मंत्री काही आले नाहीत, पण वस्ती मात्र गेली. माणसं बाजाराच्या ओट्यांवर राहू लागली. बाजाराच्या दिवशी तिथूनही उठवली जात.

देवमन मॅट्रिक झालेला, म्हणून अर्ज त्यानं लिहायचे असं ठरलं. चार माणसं जमवायला बंदी होती, तेव्हा सभा न्हाव्याच्या दुकानात व्हायच्या. चळवळ इतकी जोरात चालली की वस्तीतल्या एकाही पुरुषाच्या डोक्यावर केस उरला नाही. शेवटी कचेरी नमली. साहेब जागा पाहतील. घरांच्या खुणा दिसल्या तर दुसरीकडे जागा मिळेल. नाही दिसल्या तर वस्ती तिथं कधी नव्हतीच.

खुणा होत्या. चुलींची राख, कुडाची माती, फुटके रांजण. "कायलेच हात लावू नका," देवमननं सगळ्यांना बजावलं. सगळ्यांना म्हणजे पुरुषांना. बाया न्हाव्याकडे जात नसत.

पाहणीच्या सकाळी तो नाल्यावर पोचला. राख नाही, माती नाही, रांजण नाही. बाया कोपरापर्यंत शेणानं भरलेले हात घेऊन समाधानानं उभ्या होत्या.

"दुर्गे, हे काय केलं वं?"

"काय म्हंजे?" त्याची बायको म्हणाली. "साहेब घर पाह्यले येऊन राह्यले ना? उकिरडा दाखवू का त्यायले?"

"अवं, उकिरडाच दाखवायचा होता!"

"मंग सांगाचं होतं! रोज टक्कल करून येता अन् घरी तोंड शिवून बसता."

"मेहमान आये तो झाडू नै मारते क्या, देवमनभाऊ?" शेजारीण ताजबी म्हणाली. "तुमी पण ना!"

तेवढ्यात जीप आली. साहेबांनी खाली न उतरताच नजर फिरवली. "इथं तर काहीच नाही," म्हणाले. "मोकळं मैदान, असं लिहा." कारकून बॉनेटवर कागद ठेवून लिहू लागला. देवमन जीपच्या दाराशी धावला. "साहेब, एक डाव खाली तर उतरा," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

साहेब नाइलाजानं उतरले. सारवणाच्या कडेशी आले, बूट काढले आणि मग आत पाऊल टाकलं. पुढं हातभर धुळीचा पट्टा होता. तिथं त्यांनी बूट घातले. पलीकडे ताजबीचं सारवण लागलं, तसे पुन्हा काढले. देवमन बघत राहिला. हरेक बाईनं आपापलं घर तेवढं सारवलं होतं. दुसरीचं कोण सारवतं? मधल्या बोळी कोरड्याच होत्या.

"साहेब," तो चाचरत म्हणाला, "बूट काहून काढले?"

"काहून म्हणजे? लोकांच्या घरात बूट घालून…"

साहेब थांबले. स्वतःच्या मोज्यांकडे बघू लागले. तेवढ्यात ताजबी ओरडली, "साब, जरा बाजू हटो, वहाँ चूल्हा है!"

तिथं काही नव्हतं. साहेब घाईनं बाजूला झाले.

"थांबा हो," ते कारकुनाला म्हणाले. "ते मैदान खोडा."

कारकुनानं मैदान खोडलं. पण देवमनची नजर कागदावरून हटली नाही. त्या जागी घर लिहायचं अजून बाकी होतं, आणि कारकून पेनातली शाई झटकत होता.