तोंड उघडा, आई

सरूचं वागणं मला पटत नाय. सासूला तोंड उघडायला सांगते, आणि उघडलं की बोलू देत नाय, ब्रश घालते. या रोह्याच्या पोरीला लग्न होऊन आल्यापासून मी तोंड वर करू दिलं नव्हतं.

पडले ती माझ्याच गुणांनी. सुनेनं तांदळाच्या कणगीवर झाकण नीट ठेवलंय का, ते बघायला माळ्यावर चढले. झाकण नीट होतं. शिडी नव्हती. मानेतला मणका दुखावला नि हातपाय परके झाले. जीभ तेवढी शाबूत राहिली, गावाचं दैव.

मोठ्या दवाखान्यातल्या नर्सबाईनं सरूला शिकवून पाठवलं. मान धरून कुशीवर वळवायचं, सकाळ-संध्याकाळ मऊ ब्रशनं दात, फडक्यानं जीभ, पाणी जेमतेम. म्हातारीचा खोकायचा जोर गेलाय, तोंडातली घाण छातीत उतरली तर जीवावर बेतेल, असं बजावलं. मी म्हटलं, जन्मभर मिश्रीनं दात घासले, एक हलला नाय. पडलेले मी धरत नाय. दात किती घट्ट आहेत, ते पहिल्याच दिवशी सरूच्या बोटाला दाखवलं.

मग माझी मावसबहीण धोंडुबाई कासूहून बघायला आली. सरू विहिरीवर गेलेली. मी धोंडुबाईशी इतकं गोड बोलले की ती घाबरलीच. तिनं कनवटीची डबी काढून माझ्या हिरड्यांना मिश्री चोळली. स्वर्ग. पण मिश्री लावली की थुंकावं लागतं, आणि मी उताणी, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाय. थुंकी मागं गेली, श्वास अडकला. जिची हाक खाडीच्या बांधापर्यंत जायची, तिला एक खोकला जमेना. वर धोंडुबाई तांब्या घेऊन तोंडात पाणी ओतायला निघाली.

तेवढ्यात सरू आली. हंडा दारातच टाकला, धोंडुबाईला मान धरायला लावली, मला कुशीवर घेतलं. बोटाला फडकं गुंडाळून काळा चोथा काढला नि पोटावर तळवा दाबला, तेव्हा कुठं खोकला बाहेर पडला. खोकला माझा, जोर सुनेचा.

ती एक शब्द बोलली नाय. मला तेच झोंबलं. मी असते तर आठवडाभर पुरवून बोलले असते. ती ब्रश घेऊन बसली, आणि मी न सांगता तोंड उघडलं.

पुसून झाल्यावर तिला म्हटलं, "तुझं कालवण अळणीच असतं गो सरू. पण माझ्या तोंडात बोट घालायचं तर तूच. दुसरी कोण आली तर चावीन."