बोलायचं औषध

"तू इस्त्री करताना जे गुणगुणतेस ना, त्यातला सूर नेमका कुठे पळून जातो गं?"

तिच्या हातातलं गाळणं थेट कपात पडलं. तिने वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात नवराच उभा होता. डोक्यावर केस नाहीत, भुवया नाहीत, आणि चेहऱ्यावर चक्क हसू.

"सकाळी आरशात बघितलं तर एक सोललेलं अंडं माझ्या टॉवेलने तोंड पुसत होतं. म्हटलं, असू दे बिचारं."

ती हसली नाही. घाबरली. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर भिंगं धरून तो "हे बरं की हे?" एवढंच विचारायचा, आणि घरी आला की तोंडात मिठाची गुळणी. उभा संसार असाच गेला. कॅन्सर झाल्याचंसुद्धा त्याने रिपोर्ट टेबलावर ठेवून सांगितलं होतं. केमोचं पहिलं सलाइन उलट्यांत गेलं, दुसरं कालच झालं, आणि आज हे. तिने आतल्या खोलीत जाऊन दवाखान्यात फोन लावला.

"सिस्टर, ते बोलताहेत."

"म्हणजे? असंबद्ध बडबड?"

"नाही हो. माझ्याशी."

सिस्टर हसल्या. उलट्या थांबाव्यात म्हणून या वेळी सलाइनमधून स्टेरॉइड दिलं होतं. त्याने झोप उडते, भूक खवळते, माणूस बडबड्या होतो. दोन-तीन दिवसांत उतरेल, म्हणाल्या.

उतरलंही. नवरा पुन्हा भिंतीकडे तोंड करून गप्प पडला. पुढच्या सलाइननंतर मात्र परत तेच. उचक्या लागल्या तर त्या तालावर टेबल वाजवायचा. तोंड आलं, तर म्हणे, तुझ्या हातचं तिखट खाऊन जीभ आधीच तयार होती. घरात सलाइनची तारीख जवळ आली की ती मनातून खूश व्हायची, आणि मग स्वतःचीच तिला इतकी शरम वाटायची की त्याच्याकडे बघवत नसे. ते विष होतं. आणि ती त्याची वाट बघत होती.

पाचव्या सलाइननंतर तर त्याने कहरच केला.

"तू पहिल्यांदा दुकानात आलीस ना, तेव्हा तुझे डोळे ठणठणीत होते."

"मग चष्मा?"

"बिननंबरी. साधी काच. म्हटलं, तक्रार घेऊन तरी परत येशील."

ती थक्क झाली. तो चष्मा तिने दोन वर्षं मिरवला होता, आणि त्यातून स्पष्ट दिसतं असं मैत्रिणींना ठासून सांगितलंही होतं.

आज शेवटचं सलाइन. तो आत कपडे बदलत होता. तिने सिस्टरना बाजूला घेतलं.

"ते स्टेरॉइड... पुढेही थोडं थोडं देता नाही का येणार? नुसतं तेवढंच?"

"ते कधीच बंद केलं, मावशी. त्यांची साखर वाढली होती ना. चौथ्यापासून दुसरं औषध देतोय."

"चौथ्यापासून?"

"हो. काकांना सांगितलंय की."

तिने बोटांवर मोजलं. चौथं, पाचवं. साध्या काचेची गोष्ट पाचव्यानंतरची.

टॅक्सीत तो टोपी कपाळावर ओढून खिडकीबाहेर बघत बसला. शेवटचं सलाइन झालं होतं. आता पुढे बोलायला त्याच्याकडे निमित्त नव्हतं. दोन सिग्नल गेले तरी तो बोलला नाही. तिने आपला आताचा, नंबरचा चष्मा काढला, रुमालाने सावकाश पुसला आणि परत लावला.

"सिस्टर म्हणाल्या, आजचं स्टेरॉइड फार जोरदार होतं."

त्याने झटकन मान वळवली. ती शांतपणे समोर बघत होती.

"त्याचा परिणाम म्हणे उतरत नाही. कायमचा राहतो."

"कायमचा?"

"तसंच म्हणाल्या."

टोपीखाली त्याचे कान लालबुंद झाले. त्याने टोपी मागे सारली. मग घसा खाकरला.

"मग इलाज नाही," तो म्हणाला. "ऐक आता."