स्टेपनीचा निर्णय

त्याला सगळे स्टेपनी म्हणत, तेही तोंडावर. खेळायच्या दिवसांत डझनभर क्लब झाले, पण गोलपोस्टांच्या मधे उभं राहायला मिळालं ते कुणाचं बोट मोडलं किंवा कुणी तापाने फणफणलं तरच. बाकी सगळं आयुष्य बाकावर बूड घासण्यात गेलं. आता तो उपप्रशिक्षक होता. म्हणजे बाक तोच, फक्त अंगातला कोट वेगळा.

या क्लबात एक रीत होती. गोलकीपर कोण खेळणार ते स्टेपनीने ठरवायचं आणि सांगताना 'साहेबांचा निर्णय' म्हणायचं. साहेब, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, यांना गोलकीपिंगमधलं ओ की ठो कळत नसे, आणि स्टेपनीला खेळाडूंच्या शिव्या नको असत. दोघांचं एकमेकांशी क्षणभरही पटत नव्हतं, पण ही सोय दोघांनाही मानवली होती.

पंचाईत एवढीच की पहिला गोलकीपर त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता.

शेवटच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी भावजयीचा फोन आला. बहुधा बाथरूममधून, नळ सोडून बोलत होती.

"भाऊजी, ह्यांचा गुडघा गेलाय. डॉक्टर म्हणाले, उद्या एक उडी वाकडी पडली तर जन्मभर लंगडाल. हे कुणाला सांगत नाहीयेत, इंजेक्शन घेऊन उतरणार म्हणतात. तुम्ही खेळवू नका. आणि मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका."

"साहेबांच्या कानावर घातलं तर?"

"मग पुढच्या वर्षी कुठला क्लब घेईल ह्यांना?"

सकाळी त्याने साहेबांना दुसऱ्या गोलकीपरचं नाव सांगितलं. साहेब चहा पीत होते, पीतच राहिले.

"आज हरलो तर आपण खालच्या गटात जातो. भाऊ चांगला खेळतोय की तुझा."

"दुसरा बरा आहे."

"कारण?"

"गोलकीपर मी ठरवतो."

"बरं," साहेब म्हणाले. इतक्या पटकन हा माणूस कधीच 'बरं' म्हणत नसे. स्टेपनीने तिथेच सावध व्हायला हवं होतं.

खेळाडूंच्या खोलीत मलमाचा वास कोंडला होता. साहेबांनी नावं वाचली, धाकट्याचा चेहरा पडलेला पाहिला आणि सावकाश म्हणाले, "माझ्याकडे बघू नकोस. गोलकीपर मी निवडतच नाही. तुझा दादा निवडतो, पहिल्यापासून." एवढं बोलून ते बाहेर पडले.

धाकटा उठला. उठताना त्याने कपाटाला धरलं, ते फक्त स्टेपनीने पाहिलं.

"का रे दादा?"

"आज तुला विश्रांती."

"मागितली कुणी? तुला जन्मात कुणी उभं केलं नाही, ते आता माझ्यावर काढतोस? जळतोस तू. आईसुद्धा म्हणायची, ह्याच्या पोटात दुखतं म्हणून."

आई असं कधीच म्हणाली नव्हती. पण बाकीचं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून जास्त झोंबलं. धाकट्यासाठी टाळ्या वाजवताना तो कित्येकदा आतून कुढला होता. आज पहिल्यांदाच त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, आणि आजच तो सगळ्यांसमोर चोर ठरत होता. दोन वाक्यांत सगळं मिटलं असतं. भावाचं पुढचं वर्षही त्याबरोबर मिटलं असतं.

"हो, जळतो," तो म्हणाला. "आता बूट काढ."

धाकट्याने बूट काढले आणि एक त्याच्या अंगावर भिरकावला. कुणी मधे पडलं नाही.

सामना बरोबरीत सुटला आणि क्लब वाचला. दुसऱ्या गोलकीपरला पोरांनी डोक्यावर घेतलं. स्टेपनीशी कुणी हात मिळवला नाही. "वाचलास," साहेब जाता जाता म्हणाले, आणि त्यात आनंद काही नव्हता.

संध्याकाळी पुन्हा फोन आला, पुन्हा नळाचा आवाज.

"भाऊजी, फार उपकार झाले. हे आल्यापासून तुम्हाला लाखोली वाहतायत. मीही दोन शिव्या घातल्या, नाहीतर ह्यांना संशय आला असता. राग मानू नका."

"बरं केलंस."

"आणि थोडे दिवस घरी येऊ नका."

"किती दिवस?"

पलीकडे दारावर थाप पडली, धाकट्याने काहीतरी विचारलं. भावजयीचा आवाज एकदम चढला. "पुन्हा ह्या घरात फोन करायचा नाही, कळलं? सख्ख्या भावाचा घास काढलात तुम्ही. तुमचं तोंडसुद्धा बघायचं नाही आम्हाला."

सगळं नाटक आहे हे त्याला ठाऊक होतं. तरी ती इतकं मनापासून बोलली की तो खरंच 'बरं' म्हणाला, आणि तिने फोन ठेवला.