पार्सल बाईंच्या पत्त्यावर

माझ्याकडे बघून लोक आधी नाक मुरडतात आणि मग मला बंद करायची फुली शोधतात. मित्रांनो, तुम्हीही शोधत असाल, तर जरा थांबा. मी एक जुनी जाहिरात आहे. एका छोट्याशा वेबसाइटच्या उजव्या अंगाला मी राहते. माझ्यावर एका मोठ्या ऑनलाइन दुकानाचे चित्र आहे आणि खाली एकच ओळ आहे: 'इथून खरेदी करा, आमची व्हॅन चालू ठेवा.'

ही व्हॅन बाईंची. बाई शाळेत शिवण शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातल्या पुढच्या खोलीत शिलाई मशिने मांडून मुलींचा वर्ग सुरू केला. त्यांचे यजमान डायालिसिसवर होते, म्हणून घरात व्हॅन आली. यजमान गेले, तरी बाईंनी व्हॅन विकली नाही. त्यांनी ड्रायव्हर ठेवला आणि ज्यांना दवाखान्यापर्यंत जाणे झेपत नाही, अशा पेशंटांना त्या फुकट नेऊ-आणू लागल्या.

पुढे इंजिन कुरकुरू लागले. "मी आत्ता चालू करून देतो," मेकॅनिक म्हणाला, "पण किती दिवस टिकेल ते मला विचारू नका." नव्या इंजिनाचा खर्च ऐकून बाईंचा चेहरा उतरला. तेव्हा त्यांची भाची पुढे झाली.

"मावशी, आपल्या वर्गाच्या वेबसाइटवर जाहिरात लावू. तिच्यावरून कुणी दुकानात गेलं आणि काही घेतलं, की दुकान थोडा वाटा आपल्याला देतं. घेणाऱ्याला एक पैसा जास्त पडत नाही."

"म्हणजे कुणापुढे हात पसरायला नको?"

"अजिबात नको."

बाई बऱ्याच दिवसांनी हसल्या आणि माझा जन्म झाला. दुकानाचे नियम लांबलचक होते. भाचीने ते सरसर खाली सरकवले आणि 'मान्य आहे' वर टिचकी मारली. तुम्हीही असेच करता, खोटे बोलू नका.

सुरुवातीला मला कुणी हिंग लावूनही विचारत नव्हते. माझे दिवस पालटले ते मास्तरांमुळे. मास्तर म्हणजे चौकातले टेलर, बाईंच्या व्हॅनमधले जुने पेशंट. डायालिसिसच्या खुर्चीत बसले की त्यांच्या एका हातात सुया टोचलेल्या असत आणि दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर मी. दोरा, अस्तर, चेन, कॉलरचे कॅनव्हास, सारे ते माझ्यावरूनच मागवू लागले.

"बाई, तुमच्या मुलींची तुरपाई पाहिली," ते व्हॅनमध्ये चढताना म्हणत. "दोरा तरी चांगला वापरा. माझ्यातर्फे एक डबा घ्या."

"मास्तर, माझ्या मुलींची काजं तुमच्यापेक्षा सरळ असतात," बाई सुनावत, पण डबा ठेवून घेत.

एक अडचण मात्र होती. पार्सल यायचे नेमके मास्तर दवाखान्यात असताना. त्यांच्या टेलरिंगच्या दुकानाला कुलूप पाहून पार्सल परत जायचे. मास्तरांनीच तोड काढली. "पार्सल तुमच्याच पत्त्यावर मागवतो, बाई. व्हॅन मला घ्यायला येतेच. येताना ड्रायव्हर घेऊन येईल."

सगळ्यांना ही युक्ती फार आवडली. इतर पेशंटही माझ्यावरून साबण, चादरी, नातवंडांचे बूट मागवू लागले, आणि सगळ्यांचे सामान बाईंच्या ओसरीवर उतरू लागले. सकाळी व्हॅन निघायची ती खोक्यांनी भरून. ऑनलाइन दुकानाकडचे बाईंचे खाते फुगत होते. वाटा काही महिन्यांनी एकदम मिळणार होता आणि मेकॅनिकने इंजिन बघून ठेवले होते. "गुणाची आहे हो ही!" बाई माझ्याकडे बघून म्हणत. तेव्हा मी अगदी हवेत होते.

मित्रांनो, त्या लांबलचक नियमांत एक नियम असा होता की, आपल्या जाहिरातीवरून आपणच आपल्या घरी खरेदी करायची नाही. खाते बाईंच्या पत्त्यावर होते आणि प्रत्येक पार्सलही बाईंच्याच पत्त्यावर जात होते. दुकानाच्या यंत्राला ओसरी दिसत नाही, व्हॅन दिसत नाही, मास्तर दिसत नाहीत. त्याला वाटले, ही बाई वाटा लाटण्यासाठी स्वतःच खरेदी करते आहे. पैसे मिळायच्या तोंडावर त्याने खाते बंद केले आणि साठलेले सारे जप्त केले. भाचीने परोपरीने खुलासा लिहून पाठवला. दर वेळी तेच छापील उत्तर आले.

मला सगळे दिसत होते, पण जाहिरातीला एकच वाक्य बोलता येते. याचे मला आजही फार वाईट वाटते.

"मास्तरांना सांगू नकोस," बाई भाचीला म्हणाल्या.

"अगं मावशी, त्यांची काही चूक नाही."

"नाहीच. तरी तो माणूस जिवाला लावून घेईल."

बाईंनी शिलाई मशिने विकली. नवे इंजिन बसले. मास्तर लहान मुलासारखे खूश झाले. "बघा कसं गुणगुणतंय! माझ्या दोऱ्यावर चाललंय हे."

"तुमच्याच दोऱ्यावर, मास्तर."

"आणि वर्ग का हो बंद केलात?"

"डोळ्यांना झेपत नाही आता," बाई म्हणाल्या.

पुढे मास्तरांची मुलगी त्यांना आपल्या गावी घेऊन गेली. त्यानंतर व्हॅनचा गिअरबॉक्स गेला. या वेळी विकायला काही उरले नव्हते. पेशंट आता दोन बस बदलून दवाखान्यात जातात आणि परत येताना थांब्यावर बराच वेळ डोके धरून बसतात.

मित्रांनो, मदत करायला निघालात तर जरूर करा, पण आधी तिचा नियम समजून घ्या. कळला नाही तर विचारा. ज्यांनी मला बुडवले, त्यांच्याइतका जीव मला कुणीच लावला नव्हता.

मला वेबसाइटवरून काढायचे भान कुणालाच राहिले नाही. माझ्यावरून दुकान अजून उघडते, फक्त वाटा कुणालाच जात नाही. परवा मास्तरांनी माझ्यावरून पडद्याचे कापड मागवले आणि लगेच बाईंना फोन लावला.

"बाई, आज मोठी ऑर्डर दिलीय हो. तुमच्या जाहिरातीवरूनच. व्हॅन काय म्हणते?"

बाईंनी खिडकीबाहेर पाहिले. व्हॅन चारही चाके बसलेली, धुळीत उभी होती.

"धावतेय, मास्तर," बाई म्हणाल्या.

आणि तिकडे मास्तरांच्या मोबाइलवर मी माझे एकुलते एक वाक्य बोलत राहिले: 'इथून खरेदी करा, आमची व्हॅन चालू ठेवा.'